दोन पिचर, आठ बॅटर

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा नावं ऐकू येऊ लागतात. बाहेर, अमेरिकेतल्या या डब्लिन गावात, थंडी असतेच. पार्किंगच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलेल्या बर्फाचा ढीग मातीने काळा पडलेला असतो आणि रोज थोडा थोडा खचत असतो. अभिजित ओट्याशी उभा राहून फोनवरची यादी खालीवर करतो आणि अर्धवट मोठ्याने वाचतो. हा उजव्या हाताचा, हा डावरा, याचा आजचा भाव नऊ हजार चारशे. कुकरच्या शिट्टीत एखादं नाव बुडतं. तो ते पुन्हा वाचतो. कुणाला ऐकू जावं म्हणून वाचतो, हे त्याला विचारलेलं नाही.

ओहायोत वसंत असा येतो. आधी नावं, मग गवत.

खेळ साधा आहे. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रोज एक बेसबॉलचा संघ लावायचा. दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आणि आठ बॅटर, म्हणजे फलंदाज. प्रत्येक खेळाडूला त्या दिवसाचा भाव असतो आणि दहा जणांची बेरीज पन्नास हजारांवर जाता कामा नये. हे पैसे खोटे. खेळाडू मात्र खरे, त्याच दिवशी कुठल्या तरी शहरात मैदानावर उतरणारे. ते जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. महागडा पिचर घेतला तर बॅटर स्वस्तातले घ्यावे लागतात. सात वाजता संघ बंद होतो, दुपारच्या सामन्यातला खेळाडू घेतला असेल तर तो सामना सुरू होण्याआधीच, आणि दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने. अभिजितच्या ऑफिसातल्या अकरा जणांची अशी एक लीग आहे. आठवड्यात सर्वात मागे राहील त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी सामोसे आणायचे, एवढीच त्यातली पैज.

या नावांबरोबर दरवर्षी एक उन्हाळा परत येतो. सहा वर्षांपूर्वीचा. त्या उन्हाळ्यात नाना आमच्याकडे होते.

नाना म्हणजे अभिजितचे वडील. नागपूरला हवामान खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी ठरल्या वेळी उठून तापमापक वाचले, पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं आणि आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते वहीत लिहिलं. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. एप्रिलमध्ये नाना व्हिजिटर व्हिसावर आले, सहा महिन्यांसाठी. अभिजित तोवर इथला नागरिक झाला होता, त्यामुळे वडिलांच्या ग्रीन कार्डचा अर्ज त्याला करता येत होता. तो त्याने भरून, छापून एका फोल्डरमध्ये ठेवला होता. नानांनी हो म्हणायचं आणि सही करायची, इतकंच राहिलं होतं. ते इथेच राहावेत असं आम्हा तिघांना वाटत होतं. मला, अभिजितला, आणि तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या आमच्या ईराला. त्यांना विचारायचं कुणी आणि कधी, हे मात्र ठरत नव्हतं.

डब्लिनमध्ये आलेल्या आईवडिलांचा दिवस कसा जातो, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. सकाळी तळ्याभोवती दोन फेऱ्या. बदकं. नंतर टीव्हीवर मराठी बातम्या, ज्या इथे पोचेपर्यंत तिकडे शिळ्या झालेल्या असतात. दुपारी जेवण आणि खिडकी. रस्त्यावर माणूस नसतो. गाडी येते, गॅरेजचं दार आपोआप उघडतं, गाडी गिळतं आणि मिटतं. नाना पहिले दोन आठवडे त्या खिडकीत बसले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मागच्या लाकडी डेकवर दोन तापमापक टांगले. एकाच्या टोकाला जुन्या धोतराची मलमलीची पट्टी गुंडाळून ती पाण्याच्या वाटीत सोडली. "कोरडा आणि ओला," ते म्हणाले. "दोघांतला फरक कळला की हवेत पाणी किती ते कळतं." शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, हे पक्ष्यांसाठी आहे का? नानांनी मान डोलावली. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी अभिजित घरून काम करत होता आणि मध्येच फोनवर चिडला. सिनसिनाटीला पाऊस सुरू झाला होता. त्याने घेतलेला पिचर दुपारच्या सामन्यात दोन डाव टाकून आत जाऊन बसला होता. इतका वेळ खांदा थंड पडला की त्याला पुन्हा आणत नाहीत, म्हणजे गुण बुडाले.

"काय करून राहिलास रे?" नाना खिडकीतून म्हणाले.

"काही नाही नाना. पिचर वाया गेला. पाऊस."

"कुठे?"

"सिनसिनाटीला."

"किती लांब?"

"शंभर मैल. खाली, दक्षिणेला."

नाना डेकवर गेले, आकाश पाहिलं आणि आत आले. "सकाळपासून इकडे वारा दक्षिणेकडून येतोय. ओला आणि कोरडा जवळजवळ एक झालेत. तू सकाळी बाहेर बघितलं नाहीस?"

"मी अ‍ॅप बघितलं."

"अ‍ॅप कुठे बसलेलं असतं?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता अभिजितने लॅपटॉप मिटला आणि फोन घेऊन नानांच्या शेजारी येऊन बसला.

त्यानंतर साडेचार महिने चार ते सात ही आमच्या घरातली वेळ होती. चारच्या सुमाराला एकेका संघाची खेळणाऱ्यांची यादी जाहीर होऊ लागते. आपण घेतलेला बॅटर त्यात नसला तर त्याचं शून्य. ती यादी ईरा वाचायची. "नाना, ही इज नॉट प्लेइंग टुडे." "का?" "रेस्ट डे." "काल तर दोन मारले त्याने!" "नाना, इट डझन्ट वर्क लाइक दॅट." नाना मग त्या बॅटरला काढायचे, पण माणूस घरून निघताना चप्पल शोधतो तसे रेंगाळत.

त्यांनी सुरुवातीला एक चूक केली, जी क्रिकेट पाहत वाढलेला माणूसच करील. चांगला पिचर घेतला आणि त्याच्याच समोर खेळणारे तीन बॅटरही घेतले. पिचरने बाद केलं तर बॅटरचे गुण जाणार, बॅटरने मारलं तर पिचरचे. अभिजितने ते दाखवलं. नाना म्हणाले, "दोन्हीकडचे चांगले घेतले. कुणीतरी खेळेलच की." अभिजित हसला. त्याने त्यांना उलटी रीत शिकवली. एकाच संघाचे ओळीने फलंदाजीला येणारे चार-पाच बॅटर घ्यायचे. पहिला बेसवर, म्हणजे मैदानातल्या पुढच्या थांब्यावर, गेला की दुसऱ्याच्या फटक्यावर तो धावत घरी, म्हणजे निघाला त्या जागी, परत येतो, आणि एका फटक्याचे गुण दोघांना मिळतात. नानांना हे फार पटलं. "म्हणजे एकटा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही," ते म्हणाले. मग भाज्यांच्या यादीमागे त्यांनी पाच चौकोन काढले आणि बाण काढले.

खेळाडूंची स्पॅनिश नावं त्यांच्या जिभेवर बसली नाहीत. ते त्यांना गावावरून ओळखत. अ‍ॅपमध्ये प्रत्येकाचं जन्मगाव असतं. कुणी डोमिनिकन बेटावरच्या किनाऱ्याचा, कुणी व्हेनेझुएलातला, कुणी जपानचा. "हा घरी कधी जातो?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

"सीझन संपला की. ऑक्टोबरात."

"तोवर?"

"तोवर रोज खेळतो, नाना. आज इथे, उद्या तिथे. हॉटेल."

"आईबाप तिकडेच?"

"असतील."

अभिजित फोनवर पुढे सरकायचा. मी पोळ्या लाटत असे. वाक्य पुढे सहज नेता आलं असतं. त्यानेही नेलं नाही, मीही नाही.

वाऱ्याचा हिशोब नाना सांगत. गरम हवा विरळ, तिच्यात चेंडू लांब जातो. डेन्व्हर उंचावर, तिथे हवेचा दाब मुळातच कमी, म्हणून तिथला पिचर शक्यतो घ्यायचा नाही. शिकागोला तळ्यावरून वारा आत येत असेल तर लांब मारणारे महागडे बॅटर सोडायचे, कारण त्यांचे चेंडू कुंपणाच्या आत झेलात पडतात. एवढं सगळं सांगत, पण पाऊस पडेल का, असं विचारलं की म्हणत, "मी निरीक्षक होतो. अंदाज वर्तवणारे दुसरे. मी काय आहे ते लिहितो. काय होणार ते लिहीत नाही."

लीगमधला मकरंद अधूनमधून स्पीकरवर यायचा. तो पुण्याचा.

"काय नाना, तुमचं विदर्भाचं ऊन इथे चालत नाही म्हणे?"

"ऊन सगळीकडे चालतं. पुण्यातच फक्त उन्हाबद्दल मत असतं."

"यार अभि, तुझे वडील चीटिंग आहेत. ओन्ली वन ब्रेन पर टीम!"

"मकरंद, शुक्रवारी सामोसे गरम आण," नाना म्हणाले. "मागच्या वेळी हवेतला सगळा ओलावा त्यांच्यात होता."

त्या आठवड्यात मकरंदच मागे राहिला होता. अभिजित इतका हसला की ईरा वरून खाली आली, व्हॉट हॅपन्ड म्हणत. वडिलांशी बोलताना तो असा हसलेला मी लग्नानंतरच्या चौदा वर्षांत ऐकला नव्हता. त्यांच्यात भांडण कधीच नव्हतं. फोनवर तब्येत, गॅस सिलेंडर, कुणाचं लग्न, "बरं ठेवतो" एवढंच असे. आता ते तीन तास बोलत होते आणि विषय संपत नव्हता.

जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात अभिजितने भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला. जुलैमध्ये खालच्या खोलीला रंग दिला. रंग कोणता, ते नानांना विचारलं. वाचनालयाचं कार्ड काढलं. इथल्या ज्येष्ठांच्या केंद्रात कॅरम असतो, हे त्याने जेवताना दोनदा सांगितलं. नाना "छान" म्हणाले. मग नाना म्हणाले, घर फार दिवस बंद राहिलं की वाळवी लागते. अभिजितने ते ऐकलं आणि नानांना परत जायचंय, असा त्याचा अर्थ लावला. त्याच रात्री जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं, "सरळ विचार ना."

"त्यांना ऑकवर्ड होईल. नाही म्हणायचं असेल तर? वडिलांना नाही म्हणायला लावायचं का आपण?"

"आणि हो म्हणायचं असेल तर?"

"तर ते बोलतील की."

ऑगस्टमध्ये एके दुपारी नाना मटार सोलत होते. ते म्हणाले, "शिल्पा, अभिजित ऑक्टोबरचं काय म्हणतोय? तिकिटाची तारीख आहे ना."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, नाना."

आमच्या घरात वडीलधाऱ्यांना असंच उत्तर द्यायचं असतं. यात मान आहे, असं लहानपणापासून शिकवलेलं. नानांनी मान हलवली आणि पुढची शेंग उचलली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी नऊ वर्षं काढली होती. अपुरं वाक्य आलं तर बातमीदाराला परत पाठवत असे. ते वाक्य मात्र मी तसंच जाऊ दिलं.

त्याच महिन्याच्या शेवटी आम्ही सिनसिनाटीला सामना पाहायला गेलो. दुपारचा सामना होता. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मका माणसापेक्षा उंच झाला होता. मैदानापाशी सनस्क्रीनचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास होता, खुर्च्या तापल्या होत्या, आणि पलीकडे नदी तपकिरी आणि सावकाश वाहत होती. त्या दिवशीचा आमचा पिचर प्रत्यक्ष समोर चेंडू टाकत होता. फोनवर नऊ हजार दोनशे एवढीच त्याची ओळख होती. इथे तो घाम पुसत होता, टोपी काढून पुन्हा घालत होता, दर चेंडूआधी पायाने माती सारखी करत होता. नाना झेंड्यांकडे पाहत होते. "खाली वारा वेगळा, वर वेगळा," ते म्हणाले. "अ‍ॅपला हे दिसत नाही."

सहाव्या डावात त्या पिचरला लागोपाठ तीन फटके बसले. प्रशिक्षक बाकावरून उठला आणि सावकाश चालत मधोमध गेला. त्याने हात पुढे केला. पिचरने चेंडू त्याच्या हातावर ठेवला आणि मान खाली घालून बाहेर निघाला. प्रेक्षकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या.

नाना पुढे झुकले. "काही बोलले नाहीत?"

"बोलायचं काय त्यात?" अभिजित म्हणाला. "तो आला की समजायचं."

"त्याला अजून टाकायचं असेल तर?"

"असेलच. पण विचारत नाहीत, नाना."

"विचारायला काय जातं?"

अभिजितने खांदे उडवले. फोनवर गुण पाहिले. ईराने नानांच्या हातात थंड लिंबू सरबताचा पेला दिला. नाना तो पिचर दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले. परतताना गाडीत ते झोपले होते, किंवा डोळे मिटून होते.

सप्टेंबरात उजेड लवकर कमी होऊ लागला. सामने चालू होते, पण मागे पडलेले संघ त्यांच्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देऊ लागले. यादीत रोज अनोळखी नावं यायची, आणि ईरा त्यांची गावं वाचून दाखवायची. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, जाण्याच्या दिवशी, विमान संध्याकाळचं होतं. चारला आम्ही निघायला हवं होतं. नाना बुटाच्या नाड्या बांधून सोफ्यावर बसले आणि पहिली यादी येण्याची वाट पाहू लागले. ती आली तेव्हा त्यांनी संघ एकट्याने लावला. दोन पिचर, आठ बॅटर, एकोणपन्नास हजार नऊशे. "शंभर उरले," ते म्हणाले. "राहू देत."

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या दोरीपर्यंत आम्हाला जाता आलं. अभिजित त्यांच्या पाया पडला. नाना म्हणाले, "जमलं तर डेकवरच्या वाटीत पाणी घालत जा." अभिजित म्हणाला, "हो." मग म्हणाला, "नाना..." नाना थांबले. मागून कुणाची तरी ट्रॉली आली. अभिजित म्हणाला, "पोचल्यावर फोन करा." नानांनी पासपोर्ट पुढे केला आणि ओळीत शिरले. फोल्डर कपाटात होतं, सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी लावलेलं. त्या दिवशी त्यांचा संघ अकरांत सहावा आला.

आता जे सांगायचं ते अंतराचं आहे. डब्लिनमध्ये चार वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचा दीड वाजलेला असतो. याद्या येऊ लागतात तेव्हा नाना झोपेत असतात. ते उठतात तोवर संघ बंद झालेला असतो. सकाळी आठला अभिजित त्यांना फोन करतो, तिकडे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ. त्या वेळी फक्त पिचर ठरलेले असतात, बॅटर कोण ते कुणालाच माहीत नसतं. तेवढ्यावर जितकं बोलता येईल तितकं ते बोलतात. नाना तिकडचा वारा सांगतात, ज्याचा इथल्या कुठल्याच सामन्याला उपयोग नसतो. अभिजित तो ऐकून घेतो.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी मी एकटी नागपूरला गेले. गॅलरीत कूलरचा आवाज चालू होता. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास होता. नाना सत्याहत्तर वर्षांचे झाले होते. त्यांनी स्वतःहून विषय काढला, अगदी सहज, आकडा सांगावा तसा.

"त्या वर्षी मी वाट पाहिली. जूनमध्ये वाटलं विचाराल. जुलै गेला. तुला विचारलं तर तू म्हणालीस, तुम्ही म्हणाल तसं. मग मी समजलो."

"काय समजलात?"

"की तुमच्या मनात नसेल, पण तोडून बोलवत नसेल. तुम्हाला नाही म्हणायला का लावायचं?"

मी त्यांना फोल्डरबद्दल सांगितलं. दांडा, रंग, वाचनालयाचं कार्ड, एकेक. ते म्हणाले, "ते दिसत होतं ना. पण पाहुण्यासाठीही माणूस करतोच." कूलरची टाकी भरत आली होती, ते उठून नळ बंद करायला गेले.

परत आल्यावर मी ते अभिजितला शब्दशः सांगितलं. तो ऐकून डेकवर गेला. तरी फोनवर त्याने विषय काढला नाही. आता काढून काय, असं म्हणाला. काही महिन्यांनी नानांना हृदयाचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. त्यानंतर ते म्हणायलाही जागा उरली नाही. अभिजित वर्षातून दोनदा जाऊन येतो. दरवेळी तीन आठवडे, रजा मिळेल तितके. अकरा जणांच्या लीगमध्ये तो अजून आहे. ईरा आता यादी वाचत नाही. तिला गाडी चालवता येते आणि चार वाजता ती घरी नसते.

त्या उन्हाळ्यातलं काय हवंसं वाटतं, ते नेमकं सांगणं अवघड आहे. जिंकलेले दिवस आठवत नाहीत. मटाराची टरफलं वर्तमानपत्रावर पडण्याचा आवाज आठवतो. बुधवारी गवत कापणाऱ्या यंत्रामागून येणारा हिरवा, ओला वास. साडेसहाला घरात सुरू होणारी घाई, "हा की तो, हा की तो," आणि सातला एकदम होणारी शांतता, जिच्यात काहीच करायचं उरलेलं नसे आणि नाना, अभिजित, ईरा तिघंही तिथेच बसून राहत.

या मार्चमध्ये, नावं पुन्हा सुरू झाल्यावर, एका सकाळी अभिजितने नेहमीसारखा फोन केला. मी डबा भरत होते. फोन स्पीकरवर होता, कारण नानांना आता कमी ऐकू येतं आणि अभिजितला हल्ली मोठ्याने बोलायची सवय झाली आहे. आज पिचर कोण, हे झालं. नागपूरचा पारा झाला. मग काही न ठरवता, निदान मला तसं दिसलं, तो म्हणाला, "नाना, त्या वर्षी मी विचारलं असतं, तर राहिला असतात?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"तेव्हाचं मला आता काय सांगता येणार?" नाना म्हणाले. "विचारायचं तर आत्ता विचार."

अभिजितने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते. नानांना विमानात बसता येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तो फोनकडे वळला.

"नाना, आमच्याकडे राहायला या. कायमचे."

"येतो," नाना म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "सामान फार नाही माझं."